धर्मामामांचं गोणपाट

आमच्या कारखान्यात कुणी जुनी गाडी घेतोय असं कळलं, की पहिला प्रश्न किमतीचा नसायचा. ‘धर्मामामांना दाखवली का?’ असा असायचा. नाही म्हटलं तर विचारणारा नुसतीच मान हलवून पुढे जायचा. घर घेताना जसा कागद वाचणारा माणूस लागतो, तसे गाडी घेताना धर्मामामा लागायचे. गंमत अशी, की त्यांच्या स्वतःच्या मालकीचं वाहन म्हणजे एक सायकल. तिची घंटीही वाजत नसे. “घंटी कशाला? ब्रेक लागतंय ना?” म्हणायचे.

धर्मा तरे हे त्यांचं नाव. समुद्राकाठच्या एका लहान गावातले. बापजादे मासेमारीतले, पण मामा बोईसरला कारखान्यात फिटर म्हणून लागले आणि तिथेच केस पांढरे केले. मी त्याच कारखान्याचं स्टोअर सांभाळायचो. मी मूळचा साताऱ्याकडचा, म्हणून मला ते ‘सातारकर’ म्हणायचे. माझं खरं आडनाव त्यांना माहीत होतं की नाही, याची मला आजही खात्री नाही.

दिसायला किरकोळ. रंग रापलेला, एक खांदा किंचित उतरलेला. शर्टाच्या खिशात कायम तीन वस्तू : लोहचुंबक, आरशाचा तुकडा आणि मूठ झिजलेला एक स्क्रू-ड्रायव्हर. आणि सायकलच्या कॅरियरवर घडी घातलेलं गोणपाट. गाडी बघायला गेले की मामा आधी बॉनेटवर हात ठेवत. मालकाने आठची वेळ दिली असेल तर हे साडेसातलाच हजर. बॉनेट गरम लागलं तर गालातल्या गालात हसून म्हणत, “शेट लवकर उटतात वाटतं.” थंड इंजिन सकाळी कसं चालू होतं, यावर गाडीची अर्धी तब्येत कळते, आणि ज्याला लपवायचं असतं तो ते आधीच चालू करून तापवून ठेवतो, हे त्यांनीच मला सांगितलं. मग चुंबक पत्र्यावरून फिरे. जिथे ते धरेना, तिथे पत्र्याचा पोचा बुजवायला रंगाखाली लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली असायची. मग ब्रेकच्या पायपट्टीचं रबर बघायचं. मीटर म्हणतोय गाडी कमी चालली, आणि रबर गुळगुळीत झालंय, तर खरं कोण बोलतंय? मामांचा रबरावर विश्वास जास्त. सगळ्यात शेवटी गोणपाट पसरून मामा गाडीखाली जात. बाहेर फक्त चपलांचे तळवे दिसत आणि आतून स्क्रू-ड्रायव्हरची टकटक ऐकू येई.

निकाल दोनच. गाडी चांगली असली तर, “घे.” नसली तर, “चहा पिऊया.” मालकासमोर त्याच्या गाडीला नाव ठेवायचं नाही, हा त्यांचा कायदा होता. “त्याला पण ती इकायची हाय. आपल्याला नको तर आपण उटावं.” आमच्या एका साहेबांना मामांनी असंच “चहा पिऊया” म्हटलं होतं. साहेब म्हणाले, मला चहा चालत नाही. गाडी घेतली. पुढचे सहा महिने साहेब कंपनीच्या बसने यायचे, आणि मामा रोज न चुकता त्यांना विचारायचे, “साहेब, आता चहा चालतो काय?”

या कामाचे ते काही घेत नसत. अट एकच : घेतलेली गाडी पहिल्यांदा त्यांच्या दारात आणायची आणि हिरामामींना पुढच्या सीटवर बसवून समुद्रापर्यंत एक चक्कर मारायची. मामींनी अशा किती गाड्यांतून समुद्र पाहिला असेल कोण जाणे. प्रत्येक वेळी त्या ठेवणीतलं पातळ नेसून बसायच्या आणि उतरताना डॅशबोर्डवर एक फूल ठेवायच्या.

जयश्री आमच्या कँटीनमध्ये होती. तिचा पाडा मासवणच्याही आत, एक ओहोळ ओलांडून, चढावर. पाड्यातल्या दहा-बारा बायकांनी आपापल्या तुकड्यात मोगरा लावला होता. व्यापाऱ्याचा टेम्पो ओहोळाच्या अलीकडे उभा राहायचा आणि तो म्हणेल तो भाव. एखाद्या दिवशी टेम्पो आलाच नाही तर दुपारपर्यंत टोपलीत कळ्या उमलायच्या. उमललेला मोगरा देवाला चालतो, बाजाराला नाही. जयश्रीने ठरवलं की आपली गाडी घ्यायची, ओहोळातून पाड्यापर्यंत न्यायची आणि फुलं पालघरच्या बाजारात आपणच पोचवायची. बायकांनी तिच्यावर भरवसा टाकला. ती दुसऱ्या खेपेला ड्रायव्हिंगची परीक्षा पास झाली, कँटीन सोडलं, आणि एका दुपारी मामांसमोर येऊन उभी राहिली.

तिने गाडी मनात धरली होती ती एक मधल्या आकाराची एसयूव्ही. उंच, दणकट, मागे ऐसपैस जागा. कंपनीने ते मॉडेल काही वर्षांपूर्वी बनवणं थांबवलं होतं, म्हणूनच ते तिच्या आवाक्यात आलं होतं. कँटीनमधल्या प्रत्येकाने तिला शहाणपण शिकवून झालं होतं. बंद झालेलं मॉडेल घेऊ नको, पार्ट मिळणार नाहीत, दारात सांगाडा उभा राहील.

“मामा, सगळी नाय म्हणतात,” जयश्री म्हणाली. “पण ओहोळातून जाईल आन् मला परवडंल अशी दुसरी गाडी हाय काय? असली तर सांगा.”

मामांची निवृत्ती तेव्हा तीन-चार महिन्यांवर आली होती. ते म्हणाले, “मी रिटायर झालो म्हणजे मेलो काय? कंपनीनं बनवायची थांबवली, म्हणून गाडी वाईट होत नाय. इंजिन बघ. हेच इंजिन त्यांच्या दुसऱ्या गाडीत अजून चालतंय. म्हणजे इंजिनाचे भाऊबंद बाजारात हायेत, त्याला मरण नाय. दरवाजा, दिवा, काच यांना मात्र कोण नाय. सातारकर, फोन लाव.”

मी फोन लावले. मामांची परीक्षा तीन वस्तूंची होती : क्लच, पुढच्या चाकाचं बेअरिंग आणि समोरची काच. क्लच बोईसरात तयार होता. बेअरिंग दुसऱ्या दिवशी येणार होतं. काचेचं नाव काढल्यावर दुकानदाराने मला धरून ठेवून दुसऱ्या फोनवर तीन ठिकाणी विचारलं. मग म्हणाला, मुंबईहून मागवतो, आठवडा लागेल. मामांनी मान डोलावली. “आठवडा लागंल म्हणजे मिळतंय. पोरी, बघूया गाडी.”

पहिली पाहिली ती पालघरला. पांढरी, धुतलेली, आत अत्तराचा वास. जयश्रीचे डोळेच चमकले. मामांनी मागच्या सीटचा पट्टा धरला आणि ओढत गेले, ओढत गेले, अगदी शेवटपर्यंत. शेवटच्या हातभर पट्ट्यावर मातकट रेघ होती. त्यांनी तो हळूच परत जाऊ दिला आणि म्हणाले, “चहा पिऊया.” टपरीवर बसल्यावर तिला समजावलं, “सीट धुतात, गालिचे बदलतात. पट्टा कोण शेवटपर्यंत ओढतो? पाणी सीटच्या वर चढलेलं हाय त्या गाडीत.”

दुसरी गाडी केळव्यात निघाली. आणि ती निघाली ती नेमकी मामांच्या मेव्हण्याकडे, हिरामामींच्या धाकट्या भावाकडे. जगन त्याचं नाव. मासळीचा धंदा, स्वतःची होडी, माणूस सरळ. आम्ही तिघे गेलो. आता जावई सासुरवाडीला आला म्हटल्यावर काय होतं ते काय सांगायचं! मामांसाठी खुर्ची आली, पाट मांडला गेला, तव्यावर पापलेट चुरचुरायला लागलं. मामींच्या आईने जावयाचा शर्ट नवा आहे, हे तीनदा बोलून दाखवलं. मामांनी बॉनेटवर हात ठेवला, थंड होतं. इंजिन एका चावीत लागलं. चुंबक सगळीकडे धरलं. पट्टे स्वच्छ. मी कागद वाचले, पहिलाच मालक, विमा चालू.

गोणपाट सायकलवर राहिलं नव्हतं, ते माझ्याच हातात होतं. मी ते पुढे केलं. मामांनी अंगणाकडे पाहिलं. सासूबाई दारात उभ्या, मेव्हणा हात जोडल्यासारखा उभा, शेजारच्या बायका कुंपणाशी. ज्या अंगणात आपल्याला खुर्ची मिळाली, त्याच अंगणात मेव्हण्याची गाडी उलथीपालथी करून बघायची? त्यांनी गोणपाट माझ्याकडे परत ढकललं आणि हसून म्हणाले, “घरचीच गाडी हाय. जयश्री, घे.”

पुढचं मी लवकर सांगतो, कारण ते सांगताना अजून वाईट वाटतं. दिवाळीनंतर गाडी पाड्यात गेली. जयश्रीने व्यापाऱ्याला तोंडावर सांगितलं, उद्यापासून येऊ नका. मोगऱ्याचा खरा बहर पुढे होता. संक्रांत झाली आणि एका सकाळी, फुलं भरून निघालेली गाडी चढ उतरताना मागून काड्कन मोडली. मागचं चाक ज्यावर तोललेलं असतं ती चौकटच गंजून सुटली होती. जयश्रीने गाडी बांधाला घासत थांबवली म्हणून निभावलं, कुणाला खरचटलंही नाही. मासवणच्या मेकॅनिकने खाली वाकून पाहिलं आणि म्हणाला, भंगारात घाला. व्यापारी दुसऱ्या दिवशी येऊन लांबूनच बघून गेला. जाताना नुसता हसला.

मामांना कळलं तेव्हा ते कामावर होते. सुट्टी टाकून निघाले, मी बरोबर. पाड्यावर पोचल्यावर थेट गोणपाट पसरलं आणि गाडीखाली गेले. बराच वेळ टकटक चालली होती. बाहेर आले तेव्हा केसांत, भुवयांत गंजाचा भुसा. हातातला तांबडा चुरा त्यांनी हुंगला.

“खारं पाणी,” म्हणाले. “जगननं हिच्यानं होडी ओढलीय.”

तेच होतं. ओहोटीला होडी वर घ्यायची तर जगन गाडी उलटी वाळूत नेऊन मागची चाकं पाण्यात घालायचा, दोर बांधायचा आणि ओढायचा. वरून रोज गोड्या पाण्याने धुवायचा. खालून कोण धुतो? त्याने लपवलं नव्हतं. “भावोजी, तुमी इचारलं असतं तर सांगितलं असतं,” तो नंतर म्हणाला, आणि ते खरं होतं. विचारायचं काम मामांचं होतं.

मामा जयश्रीसमोर उभे राहिले. मागे पाड्यातल्या सगळ्या बायका. ते म्हणाले, “पोरी, मी खाली वाकलो नाय. सासुरवाडीत लाजलो. भीड भिकेची बहीण म्हणतात, ती माजी होती, भीक तुज्या वाट्याला आली. चूक जगनची नाय, माजी.”

इतक्या वर्षांत मामांच्या तोंडून ‘चूक माझी’ मी पहिल्यांदाच ऐकत होतो, कारण तोवर त्यांची चूक झालीच नव्हती. मला रडू आलं असतं, पण जयश्रीकडे पाहिलं आणि आवरलं. ती रडत नव्हती. जगनने गाडी परत घ्यायची तयारी दाखवली होती, ते तिला ठाऊक होतं.

“परत द्यायची नाय,” ती म्हणाली. “परत दिली तर मोगऱ्याच्या दिवसांत मी काय घेऊ? त्या व्यापाऱ्याचाच टेम्पो? मामा, मला पैसं नकोत. मला हीच गाडी चालती पायजे. होईल काय?”

मामांनी गाडीकडे पाहिलं. मेकॅनिकने भंगार म्हटलेली गाडी, बंद झालेलं मॉडेल. “इंजिन चांगलं हाय,” म्हणाले. “पाडव्याला चालंल.”

घरी हिरामामींनी ऐकून घेतलं. जयश्रीने गाडी घेतल्यावर रिवाजाप्रमाणे मामींना चक्कर मारून आणली होतीच. मामी म्हणाल्या, “अवो, ती चक्कर धरायची नाय. गाडी तिच्या चढावर चढंल त्या दिवशी मी परत बसेन. तोवर कुनाच्याच गाडीत बसायची नाय.” आणि सख्ख्या भावाला निरोप धाडला की, फुलांची सोय कर, मग माझ्याकडे ये.

जगन आपला मासळीचा टेम्पो घेऊन रोज सकाळी ओहोळाशी उभा राहू लागला. बायका टोपल्या डोक्यावर घेऊन गुडघाभर पाण्यातून यायच्या. पहिल्या दिवशी पालघरच्या फुलवाल्याने टोपली नाकाशी नेली आणि विचारलं, “बाई, हा मोगरा की बोंबील?” जगनने टेम्पो तीनदा धुतला, लिंबं चोळली, धूप जाळला. आठवडाभराने वास गेला, की फुलवाल्याला सवय झाली, कोण जाणे. पण फुलं पोचत राहिली.

इकडे मामांनी मागच्या चौकटीचा शोध मांडला. कंपनीकडे नव्हती. दुकानात नव्हती. दर रविवारी मी आणि मामा भंगारवाल्यांचे वाडे पालथे घालायचो. मामा प्रत्येकाला एकच सांगत, “पुढून मेलेली गाडी पायजे, मागून जिवंत.” पाचव्या रविवारी मनोरजवळ हायवेच्या कडेला तसली एक सापडली. समोरून ट्रकवर आदळलेली, पुढचा भाग कागदासारखा चुरगळलेला, मागची चौकट साबूत. भंगारवाला म्हणाला, “चाचा, ये मॉडेल तो बंद हो गया.” मामा खाली जाता जाता म्हणाले, “इसीलिए तो ढूंढ रहा हूँ.” तासाभराने बाहेर आले. भंगारवाल्याला म्हणाले, “चलेगा,” आणि माझ्याकडे बघून पहिल्यांदाच धड हसले.

याच दरम्यान ते निवृत्त झाले. कारखान्यात छोटा कार्यक्रम झाला, शाल, नारळ, दोन भाषणं. मामा भाषणाला उभे राहिले आणि म्हणाले, “आमी बोलनारी मानसं नाय. एक काम राहिलंय, जातो.” दुसऱ्या दिवशी मी पाड्यावर गेलो तर मामा गाडीखाली होते आणि कारखान्याची ती नवीकोरी शाल घडी करून डोक्याखाली घेतली होती. शेजारी दुसरं एक गोणपाट पसरलेलं आणि त्यावर दुसरे दोन पाय. जगनचे. आतून मामांचा आवाज येत होता, “इथं हात लाव. लागतोय खड्डा? हा तुज्या होडीचा.” बोईसरहून वेल्डर आला. मामांनी त्याला प्रत्येक जोड दोनदा करायला लावला आणि तो गेल्यावर प्रत्येक जोड स्क्रू-ड्रायव्हरने ठोकून पाहिला. त्यांना तेव्हा खोकला लागला होता. जयश्री म्हणायची, मामा, थोडं बसा. ते म्हणायचे, “पाडवा बसतोय काय?”

पाडव्याला दारोदार गुढ्या उभ्या होत्या तेव्हा आम्ही ओहोळाच्या अलीकडे जमलो. जयश्रीने गाडी सकाळीच रिकामी, हळूहळू उतरवून तिथे आणली होती. हिरामामी ठेवणीतलं पातळ नेसून आल्या आणि पुढच्या सीटवर बसल्या. मागे जगन आणि वजनासाठी भाताची पोती. मामा बसले नाहीत. जयश्रीने चावी फिरवली, गाडी ओहोळात उतरली, पाणी अर्ध्या चाकांपर्यंत आलं, आणि ती पलीकडे निघाली. मग चढ. मामा रस्त्याच्या कडेला उकिडवे बसून, मान जमिनीपर्यंत वाकडी करून, गाडीचं पोट बघत होते. वर पाड्यातल्या बायका टोपल्या घेऊन उभ्या होत्या. मोडली होती त्या वळणावर जयश्रीने क्षणभर गाडी थांबवली. मला वाटलं घाबरली. तिने गिअर टाकला आणि गाडी कुरकुर न करता वर गेली. वरून बायकांचा गलका ऐकू आला.

मामा गेल्याला आता दीड वर्ष होईल. त्या पाडव्याच्या आठवड्यातच माझी दुसऱ्या प्लांटला बदली झाली आणि खोकल्याने त्यांना पुढे नेलं तेव्हा मी पोचू शकलो नाही, याची चुटपुट मला जन्मभर राहील. जयश्रीची गाडी अजून धावते. मला मामा दिसतात ते त्या सकाळचे. ते गोणपाट काखेत मारून, खोकत, थांबत, चढ पायी चढून आले. बायका टोपल्या भरायला पुढे सरसावल्या होत्या, तर त्यांना हाताने थांबवलं. हिरामामी काच खाली करून म्हणाल्या, “अवो, आता बसा तरी.”

मामांनी सासुरवाडीचा तोच शर्ट घातला होता. जगन समोर उभा होता, मामी बघत होत्या, अख्खा पाडा बघत होता. त्यांनी तापलेल्या मातीवर गोणपाट पसरलं, त्यावर पाठ टेकली आणि गाडीखाली गेले. बाहेर राहिले फक्त चपलांचे झिजलेले तळवे. टकटक ऐकू येत राहिली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. जयश्री स्टिअरिंग घट्ट धरून बसली होती. कुणी टोपलीला हात लावला नाही.

मग टकटक थांबली आणि गाडीखालून मामांचा आवाज आला, “जयश्री, आता घे.”